लोकलला लॉगिन बंदच ठेवू का, ताई?

पत्र थोडक्यात, नाव-गाव काढून: एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तीन वर्षं झालेली मुलगी लिहिते. त्यांचं गोदामातला स्टॉक बघायचं वेब ॲप आहे, मागे स्प्रिंग बूट, पुढे रिॲक्ट, चालतं क्लाउडवर. एका मोठ्या क्लायंटची अट आलीय की आमचे लोक अजून एक पासवर्ड लक्षात ठेवणार नाहीत, आमच्या मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस अकाउंटनेच सिंगल साइन-ऑन झालं पाहिजे. काम हिच्यावर आलं. आता प्रत्येक बारीक बदल तपासायला स्टेजिंगवर (खऱ्यासारख्या चाचणीच्या सर्व्हरवर) डिप्लॉय करावं, म्हणजे चढवावं लागतं, त्यात पाऊण तास जातो, दिवसाला सहा-सातच प्रयत्न होतात. सर म्हणतात लोकलला, म्हणजे स्वतःच्या लॅपटॉपवर, लॉगिन बायपास कर, डमी युजर टाक, लॉगिनचं स्टेजिंगला बघू. टीममधला मित्र म्हणतो टनेल लाव, लॅपटॉपच इंटरनेटवर दाखव. क्लायंटच्या आयटीवाल्यांना विचारलं तर ‘लोकलहोस्ट (लॅपटॉपचा स्वतःपुरता पत्ता) आम्ही रजिस्टर करत नाही’ एवढंच उत्तर. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी डेमो आहे. तिचा प्रश्न: "क्लाउडला माझा लॅपटॉप दिसतच नाही, तर हे लोकलला टेस्ट होणार कसं? की मलाच जमत नाहीये? बायपास करून मोकळी होऊ का?"

अगं, ते ‘मलाच जमत नाहीये’ आधी बाजूला ठेव. दिवसाला सहा प्रयत्न मिळत असतील तर कोणालाच जमणार नाही, मला पण नाही, आणि मी वर्षानुवर्षं हेच करतेय. आमटीचं मीठ चाखायला दर वेळी पाऊण तास थांबायचं म्हटलं तर सुगरणीची पण आमटी बिघडेल. तुझा प्रॉब्लेम तो पाऊण तास आहे, तेवढा काढून टाकू.

आता तुझ्या पत्रात एक गोष्ट सगळ्यांनीच धरून चाललीय, तू, तुझा मित्र, बहुतेक सर पण, की लॅपटॉप क्लाउडला दिसला पाहिजे. का दिसला पाहिजे? शाळेत आठव, बाई एका पोराला चिठ्ठी देऊन ऑफिसात पाठवायच्या, जा, शिक्का मारून आण. ऑफिसातले काका कधी वर्गात आले का? पोरगंच जायचं आणि पोरगंच परत यायचं. इथे ते पोरगं म्हणजे तुझा ब्राउझर. ॲप त्याला सांगतं मायक्रोसॉफ्टकडे जा, तिथे तो पासवर्ड-ओटीपी काय ते करतो, मग मायक्रोसॉफ्ट त्याला म्हणतं आता या पत्त्यावर परत जा, हा कोड घेऊन जा. तो पत्ता लोकलहोस्टचा असला तरी मायक्रोसॉफ्टला काय पडलंय, जायचंय ब्राउझरला आणि ब्राउझर तुझ्याच लॅपटॉपवर बसलाय. पुढे तो कोड देऊन टोकन (हा माणूस कोण ते सांगणारं डिजिटल ओळखपत्र) आणायला तुझा बॅकएंड स्वतःहून बाहेर कॉल करतो, म्हणजे तो पण आतून बाहेर जाणारा. सगळ्या प्रवासात बाहेरून आत कोणी येतच नाही.

याला अपवाद आहेत, ते पण सांगते म्हणजे मित्राशी वाद घालताना तोंडघशी पडणार नाहीस. बॅक-चॅनल लॉगआउट, म्हणजे आयडीपी (ओळख तपासणारा सर्व्हर) थेट तुझ्या सर्व्हरला कळवतो की हा माणूस बाहेर पडला, तिथे लॅपटॉप दिसावा लागतो. आणि स्किम, म्हणजे क्लायंटकडे माणूस नवीन लागला किंवा सोडून गेला की त्यांच्या सिस्टिममधून तुमच्याकडे आपोआप युजर बनवणं-काढणं, तिथे पण. तुला यातलं काही सांगितलेलं दिसत नाही. म्हणून टनेल नको. टनेल लावलं की तुझं ॲप जगभरात उघडं, आणि त्यात जर सरांचा बायपास चालू असेल तर लॉगिनशिवाय उघडं, म्हणजे दोन सल्ले एकत्र ऐकलेस तर क्लायंटचा स्टॉक कोणीही बघत बसेल. शिवाय बऱ्याच कंपन्यांत टनेल परवानगीशिवाय लावणं हाच गुन्हा असतो.

आता बायपासबद्दल. सरांना मी वेड्यात काढत नाहीये, लोकलला डमी युजर ठेवून बाकीच्या स्क्रीन बनवणं ही सोय आहे, सगळेच करतात, मी पण केलंय. पण एकदा काय झालं ते ऐक. मी आधी जिथे होते तिथे असाच बायपास होता, अट लिहिलेली की प्रोफाइल (ॲप कुठल्या जागेच्या सेटिंगवर चाललंय ते) ‘प्रॉड’, म्हणजे खरं वापरातलं, नसेल तर लॉगिन सोडून दे. चार वर्षं व्यवस्थित चाललं. मग एका शनिवारी डिझास्टर रिकव्हरीचं ड्रिल ठरलं, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद पडला असं समजून दुसऱ्या जागेवरून सगळं चालवून बघायचं. त्या दुसऱ्या जागेच्या प्रोफाइलला कोणीतरी सरळ ‘डीआर’ नाव दिलेलं. आता ‘डीआर’ म्हणजे ‘प्रॉड’ नाही, बरोबर? झालं, खरा डेटा आणि लॉगिन गायब. सकाळी सव्वाआठला एका टेस्टरचा फोन आला की मला पासवर्ड न विचारताच ॲडमिन म्हणून आत घेतलं, हे असंच आहे का? बाहेर काही गेलं नाही, नशीब, पण त्या दिवसापासून मी बायपासची अट उलटी लिहिते, म्हणजे ‘अमुक नसेल तर’ असं कधीच नाही, फक्त ‘लोकलच असेल तर’, आणि खरं तर तोही कोड मुख्य फोल्डरमध्ये ठेवत नाही, टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवते, म्हणजे जी फाइल डिप्लॉय होते तिच्यात तो जातच नाही.

आणि तुझ्या बाबतीत तर बायपास म्हणजे प्रश्नच रद्द केल्यासारखं आहे ना. तुला कामच लॉगिनचं दिलंय. तेच बंद करून तू लोकलला नेमकं काय तपासणार?

मग करायचं काय, तर आयडीपीच घरी आणायचा. कीक्लोक नावाचा सर्व्हर आहे, ओपन सोर्स, रेड हॅटवाल्यांनी सुरू केलेला, २०१४ पासून आहे, डॉकरवर (लॅपटॉपवर वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, प्रोग्रॅम चालवायचं साधन) एका कमांडमध्ये उठतो. तो आणि मायक्रोसॉफ्टचं एंट्रा (२०२३ पर्यंत ज्याला ॲझ्युर एडी म्हणायचे, आयटीवाले अजून तेच म्हणतात) दोघं ओपनआयडी कनेक्ट ही लॉगिनची भाषा बोलतात, ते २०१४ मध्येच पक्कं झालेलं स्टँडर्ड आहे. त्यामुळे तुझ्या कोडला समोर कोण बसलंय याने फरक पडायला नको, फक्त इश्युअरचा (टोकन देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता, क्लायंट आयडी (इथे क्लायंट म्हणजे तुझं ॲप) आणि सिक्रेट (ॲपचा पासवर्ड) हे तीन बदलायचे, ते लोकलच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये. फरक पडायला नको म्हणाले, थोडा पडतोच, त्यावर येते.

पहिल्या अर्ध्या तासात तू जिथे जिथे अडकशील ते आधीच सांगून ठेवते. कीक्लोक मुळात ८०८० पोर्टवर येतो आणि तुझं स्प्रिंग बूट पण ८०८० वरच, म्हणून कीक्लोकला ८०८१ दे. त्यात एक रिएल्म (युजर आणि सेटिंगचा वेगळा कप्पा) बनव, मास्टर रिएल्ममध्येच काम सुरू करू नकोस, ते ॲडमिनसाठी आहे. दोन-तीन युजर बनवताना ईमेल, नाव, आडनाव सगळं भर आणि पासवर्डसमोरचं ‘टेम्पररी’ बंद कर, नाहीतर लॉगिन करताना मध्येच ‘तुमची माहिती पूर्ण करा’, ‘पासवर्ड बदला’ अशी पानं येतात आणि आपल्याला वाटतं आपलाच कोड बिघडला. रीडायरेक्टचा पत्ता पूर्ण टाक, शेवटी चांदणी टाकून ‘काहीही चालेल’ करू नकोस, कारण एंट्रा तसं लाड करणार नाही. आणि कंटेनर काढून टाकला की डेव्ह मोडमधलं सगळं सेटिंग जातं, दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून, म्हणून रिएल्म जेसन फाइलमध्ये एक्सपोर्ट करून रिपॉझिटरीत टाक आणि उठतानाच इम्पोर्ट करायला सांग. मग टीममधल्या कोणालाही पाच मिनिटांत तुझ्यासारखंच सेटअप मिळतं. यातले पासवर्ड खोटे, त्यामुळे गिटमध्ये गेले तरी चालतंय. खरं सिक्रेट मात्र कधीच नाही.

आता ज्या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त लोक माझ्याकडे रडत येतात ती इश्युअरची. तू जर बॅकएंड पण डॉकरमध्ये चालवत असशील तर ‘लोकलहोस्ट’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. ब्राउझरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तुझा लॅपटॉप, आणि बॅकएंडच्या कंटेनरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच. इश्युअर म्हणून लोकलहोस्ट ८०८१ दिलास की स्प्रिंग उठतानाच स्वतःच्याच दारात कीक्लोक शोधतं, सापडत नाही, आणि ॲप सुरूच होत नाही. मग माणूस हुशारी करतो, इश्युअरमध्ये डॉकरमधलं नाव टाकतो, ‘कीक्लोक’ म्हणून, तर ॲप उठतं पण ब्राउझरला त्या नावाच्या पत्त्यावर पाठवतं आणि ब्राउझर म्हणतो असलं नाव मी ऐकलेलंच नाही. मग अजून हुशारी, अर्धे पत्ते एका नावाने अर्धे दुसऱ्या नावाने, तर टोकन येतं पण त्यात इश्युअर एक लिहिलेला असतो आणि ॲप वाट दुसऱ्याची बघत असतं, टोकन नाकारलं. ही चेकिंग बंद कशी करायची असं शोधायला जाऊ नकोस, ती योग्यच चेकिंग आहे, दुसऱ्या कोणाचं टोकन आपल्याकडे चालू नये म्हणूनच ती आहे.

सोपा उपाय: कीक्लोक एकटा डॉकरमध्ये ठेव आणि बॅकएंड नेहमीसारखा आयडीईमधून चालव. दोघांना लोकलहोस्ट एकच, भांडण संपलं. सगळंच डॉकरमध्ये हवं असेल तर एक असं नाव घे जे दोन्हीकडून एकाच जागी पोचेल, होस्ट्स फाइलमध्ये लॅपटॉपसाठी आणि डॉकरच्या नेटवर्कमध्ये एलियस म्हणून कंटेनरसाठी, आणि पोर्ट आत-बाहेर सारखाच ठेव, आत ८०८० बाहेर ८०८१ असं केलंस की परत तेच रामायण. नाव घेताना शेवट डॉट टेस्टने कर, ते १९९९ पासून टेस्टिंगसाठीच राखून ठेवलंय, कधीच कोणाला विकलं जाणार नाही. डॉट डेव्ह घेऊ नकोस, ते खरं डोमेन आहे आणि २०१७ च्या शेवटापासून क्रोम त्याला साध्या एचटीटीपीवर उघडतच नाही.

कुकीची गंमत सांगायची राहिली. लॉगिन सुरू होताना स्प्रिंग तुझ्या सेशनमध्ये एक खूण ठेवतं आणि परत आल्यावर ती जुळवून बघतं. तू ॲप १२७.०.०.१ टाइप करून उघडलंस आणि परतीचा पत्ता लोकलहोस्ट असेल तर? आपल्यासाठी एकच, ब्राउझरसाठी दोन वेगळे, कुकी तिकडची इकडे येत नाही, खूण सापडत नाही, आणि एरर येते की ऑथोरायझेशन रिक्वेस्टच सापडली नाही. उलटं पण होतं, कुकीला पोर्ट कळत नाही. म्हणजे लोकलहोस्टवर दोन स्प्रिंगची ॲप्स दोन पोर्टवर चालू असतील तर दोघांची सेशन कुकी एकाच नावाची, एक दुसरीला पुसून टाकते, आणि एरर तीच. मी यात एक अख्खी दुपार घालवलीय, कॅन्टीनचा चहा तीनदा झाला, शेवटी दुसऱ्या ॲपच्या कुकीचं नाव बदललं आणि झालं. तुझ्याकडे अजून एखादी सर्व्हिस चालू असेल तर हे आत्ताच कर.

पोर्ट कळत नाही याचा अजून एक परिणाम आहे आणि तो जास्त फसवा आहे. तुझं ॲप लोकलहोस्ट, कीक्लोक पण लोकलहोस्ट, म्हणजे ब्राउझरच्या मते दोघं एकाच घरातले. खऱ्या जगात मात्र लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या डोमेनवर आणि ॲप तुमच्या. तू ओपनआयडी कनेक्टचा साधा कोडवाला मार्ग वापरतेयस, त्यात परत येणं साध्या गेट रिक्वेस्टने (लिंक उघडल्यासारखं) होतं म्हणून तुला त्रास नाही, पण हे वाचणाऱ्यांत कोणी सॅमल (सिंगल साइन-ऑनचं दुसरं, जुनं स्टँडर्ड) वापरणारे असतील त्यांनी नीट ऐका. सॅमल २.० हे २००५ चं, त्यात उत्तर बहुतेक वेळा पोस्ट करून (फॉर्म भरून पाठवल्यासारखं) परत येतं. क्रोमने २०२० मध्ये कुकीचा नियम बदलला, की कुकीवर सेमसाइट (परक्या साइटवरून आल्यावर पाठवायची का, ही खूण) काही लिहिलं नसेल तर परक्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत कुकी पाठवायची नाही. फक्त एक सवलत ठेवली, कुकी ठेवून दोन मिनिटं झाली नसतील तर पाठवतो. आता बघा मजा, टेस्टर झटपट लॉगिन करतो, वीस सेकंदात, सगळं ठीक. क्लायंटकडच्या साहेबांचा फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, ओटीपी आणायला जातात, दोन मिनिटं उलटतात, लॉगिन फेल. परत करतात, फोन आता हातात, पास. ‘कधी कधी होतं कधी कधी नाही’ असा बग रिपोर्ट येतो आणि आपण डोकं धरून बसतो. हे लोकलला पकडायचं असेल तर ॲप एका डॉट टेस्ट नावावर आणि कीक्लोक दुसऱ्या डॉट टेस्ट नावावर ठेवायचा, एमकेसर्ट नावाच्या टूलने दोन्हीला लोकल सर्टिफिकेट द्यायचं म्हणजे एचटीटीपीएस होतं, आणि पासवर्ड टाकायच्या आधी मुद्दाम तीन मिनिटं बसून राहायचं. फक्त ते सर्टिफिकेट ब्राउझरला पटलं म्हणजे जावाला पटेलच असं नाही, जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (कोणावर विश्वास ठेवायचा त्या यादीत) ते गेलंय ना ते बघावं लागतं.

वेळेवरून आठवलं. सॅमलमध्ये ‘यानंतर चालेल, याच्यानंतर नाही’ अशा वेळा युटीसीमध्ये असतात. कोणी हाताने खोटं उत्तर बनवताना आपल्या घड्याळातली वेळ लिहून शेवटी झेड (म्हणजे ‘ही वेळ युटीसी आहे’) चिकटवला की फरक बरोबर १९,८०० सेकंदांचा येतो, म्हणजे साडेपाच तास. लॉगमध्ये हा आकडा दिसला की पुढे शोधायचं नाही, तुम्हाला कळलंय काय झालंय ते. आणि विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल तर लॅपटॉप झोपवून उठवल्यावर आतलं घड्याळ कधी कधी मागे राहतं, टोकन ‘भविष्यातलं’ वाटून नाकारलं जातं.

बरं, परत तुझ्याकडे. घरचा आयडीपी आणि त्यांचा आयडीपी यातला खरा फरक टोकनच्या आत असतो. कीक्लोक रोल्स (कोणाला काय करायची परवानगी ते) एका वेगळ्या आतल्या खणात ठेवतो, एंट्रा ॲप रोल्स सरळ ‘रोल्स’ नावाने देतं. कीक्लोकमध्ये मॅपर (टोकनमधली माहिती हवी तिथे ठेवणारं सेटिंग) लावून त्याचं टोकन एंट्रासारखं दिसेल असं करून घे, कोडमध्ये ‘लोकल असेल तर इकडून वाच’ असं लिहू नकोस. ग्रुपवर परवानग्या ठरवायच्या असं कोणी म्हणालं तर सावध, एंट्रा मुळात ग्रुपची नावं पाठवत नाही, लांबलचक आयडी पाठवतं, आणि माणूस २०० पेक्षा जास्त ग्रुपमध्ये असेल तर ग्रुप टोकनमध्ये येतच नाहीत, फक्त ‘इथून जाऊन बघा’ असा निरोप येतो. मोठ्या कंपनीत २०० ग्रुप सहज होतात आणि ते नेमके सगळ्यात वरच्या साहेबांचे होतात, डेमोला तेच बसलेले. ॲप रोल्सच घ्या.

आणि युजर ओळखायला ईमेल वापरू नकोस गं. लग्नानंतर आडनाव बदललं की ईमेल बदलतो, आणि मग त्या बाईचा सगळा जुना इतिहास अनाथ. सब नावाचा क्लेम (टोकनमधला माहितीचा एक रकाना) बदलत नाही, पण एंट्रामध्ये तो प्रत्येक ॲप रजिस्ट्रेशनला वेगळा असतो, टेस्टचा वेगळा, प्रॉडचा वेगळा, म्हणून तिथे ओआयडी (त्या माणसाचा आयडी) आणि टेनंट आयडी (त्याच्या कंपनीच्या एंट्राचा आयडी) यांची जोडी ठेवतात. कुठला क्लेम घ्यायचा हे सेटिंगमध्ये ठेव, म्हणजे कीक्लोकसमोर पण चालेल.

आता पाऊण तासाच्या डिप्लॉयनंतरच दिसणारे दोन घोळ आहेत, ते पण घरी दिसू शकतात. एक, क्लाउडमध्ये एचटीटीपीएस लोड बॅलन्सरपाशीच (येणाऱ्या रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या पुढच्या दारापाशीच) संपतं, आत तुझ्या ॲपला साधं एचटीटीपी येतं, मग ॲप परतीचा पत्ता एचटीटीपीने सुरू होणारा बनवतं आणि एंट्रा म्हणतं हा पत्ता माझ्याकडे लिहिलेला नाही, एरर एएडीएसटीएस५००११. स्प्रिंगला फॉरवर्डेड हेडर्स (मूळ पत्ता काय होता ते लिहिलेली चिठ्ठी) बघायला सांगावं लागतं, सेटिंगची एक ओळ. दोन, क्लाउडमध्ये ॲपच्या दोन प्रती चालू असतात, लॉगिन सुरू होतं पहिलीवर, परत येतं दुसरीवर, तिच्याकडे ती खूण नाही. तुला स्टेजिंगला ‘अधूनमधून फेल’ दिसत असेल तर मी पैज लावते हेच आहे. लॅपटॉपवर इंजिनएक्स (रिक्वेस्ट मागे वाटून देणारा वेब सर्व्हर) उभा कर, मागे ॲपच्या दोन प्रती, पुढे एमकेसर्टचं एचटीटीपीएस, दोन्ही घोळ पाच मिनिटांत समोर येतात. सेशन रेडिसमध्ये (सगळ्या प्रतींना दिसणारा सामायिक साठा) ठेव किंवा एका माणसाला एकाच प्रतीवर चिकटव, ते तुमच्या टीमने ठरवा.

क्लायंटच्या आयटीवाल्यांवर रागावू नकोस. त्यांच्या प्रॉडच्या रजिस्ट्रेशनमध्ये लोकलहोस्ट नको हे त्यांचं म्हणणं एकदम बरोबर आहे, तू मागितलं चुकीचं. त्यांना साधारण असं लिही: "आम्हाला प्रॉडपासून पूर्ण वेगळं, फक्त टेस्टिंगचं ॲप रजिस्ट्रेशन हवं आहे, शक्य असेल तर टेस्ट टेनंटमध्ये. त्यात परतीचे दोन पत्ते, एक लोकलहोस्टचा, एक स्टेजिंगचा, पूर्ण मार्गासकट खाली देत आहे. ॲप रोल्स दोन, ‘बघणारा’ आणि ‘बदलणारा’. टेस्ट अकाउंट तीन, प्रत्येक रोलचं एक आणि एक असं ज्याला कुठलाच रोल नाही. सिक्रेट तुमच्या नेहमीच्या सुरक्षित मार्गाने द्यावं." बघ, यात त्यांना विचार करायला काही उरत नाही, फक्त करायचंय. एंट्रा लोकलहोस्टला साधं एचटीटीपी चालवून घेतं आणि तिथला पोर्ट पण जुळवत नाही, मार्ग मात्र अक्षर न् अक्षर जुळवतं, त्यामुळे स्प्रिंगचा तो लांब कॉलबॅकचा मार्ग कॉपी-पेस्टच कर. १२७.०.०.१ मागू नकोस, ते त्यांच्या पोर्टलच्या साध्या चौकटीत टाकता येत नाही, मॅनिफेस्ट उघडावा लागतो, उगाच त्रास. सिक्रेट व्हॉट्सॲपवर मागवायचं नाही हे सांगायला नको, तरी सांगते, कारण मला असा फॉरवर्ड आलेला आहे.

आणि काही अडलं म्हणून त्यांना ब्राउझरची हार फाइल (ब्राउझरच्या सगळ्या देवाणघेवाणीची नोंद) पाठवायची वेळ आली तर आधी साफ कर. तिच्यात जिवंत सेशनच्या कुकीज असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टासारख्या लॉगिन विकणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट सिस्टिममधून गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या अशाच फाइल्स चोरीला गेल्या होत्या.

टेस्ट करताना नेहमी इन्कॉग्निटो, नाहीतर तू स्वतःच्या अकाउंटने आधीच लॉगिन असतेस आणि काही न विचारता आत जातेस, वाटतं चाललं. इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या मिळून एकच सेशन असतं, हे विसरून ‘दुसरा युजर’ म्हणून दुसरी खिडकी उघडू नकोस, सगळ्या बंद करून परत उघड. आणि लॉगआउट दाबून परत लॉगिन दाबल्यावर पासवर्ड न विचारता आत गेलीस तर तो बग असेलच असं नाही, तू ॲपमधून बाहेर पडलीस, आयडीपीकडे अजून आतच आहेस. क्लायंटला नक्की कुठलं लॉगआउट हवंय ते विचार, गोदामातल्या तीन शिफ्टच्या सामायिक कॉम्प्युटरवर हे ॲप चालणार असेल तर हा प्रश्न डेमोच्या आधी विचारायचाय, नंतर नाही.

रोल नसलेल्या तिसऱ्या अकाउंटने लॉगिन करून बघ. लॉगिनच्या पानावर कॅन्सल दाबून बघ. एखाद्या आतल्या पानाची लिंक थेट उघडून बघ, लॉगिननंतर तिथेच पोचतेस की होमपेजवर फेकली जातेस. डेमोत क्लायंट हेच करतात, सरळ रस्त्याने कोणी जात नाही.

सरांशी वाद घालू नकोस, त्यांना सांग की दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी कीक्लोक आणि रिएल्मची फाइल, दुसऱ्या दिवशी इंजिनएक्स आणि दोन प्रती. सोमवारी त्यांच्या लॅपटॉपवर तुझा ब्रँच उतरवून, त्यांच्या हाताने, एका कमांडमध्ये लॉगिन करून दाखव. पाऊण तासाच्या जागी पंधरा सेकंद लागतात हे त्यांनी स्वतः बघितलं की पुढचं बोलणं सोपं जातं. आयटीवाल्यांचं रजिस्ट्रेशन तोवर आलं तर खऱ्या एंट्रासमोर लोकलवरूनच एकदा चालव, नाही आलं तर निदान स्टेजिंगला जाताना शंका फक्त त्यांच्या सेटिंगची असेल, तुझ्या कोडची नाही. आणि तो बायपास जर आधीच मर्ज झाला असेल, पत्रात तू ते नीट लिहिलेलं नाहीस, तर आजच बघ, त्याची अट ‘नसेल तर’ आहे की ‘असेल तर’.